शाळिग्रामाचे चुलतभाऊ: चारमथच्या ज्युरासिक चिखलात जीवाश्म कसे शोधावेत आणि गोव्याच्या पावसात कसे टिकवावेत

तुळशीच्या लग्नाला शाळिग्राम बाहेर काढता तेव्हा एकदा तो नीट उलटून बघा. काळाभोर, गुळगुळीत, आणि एका अंगाला चक्र. ते चक्र कुणी कोरलेलं नाही. तो ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. माणकीचा, माकुलाचा (स्क्विडचा) हा दूरचा नातेवाईक. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात हे गोटे सापडतात आणि ते ज्या काळ्या खडकातून सुटून येतात तो ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाचा चिखल. हिमालयात त्या थराला स्पिती शेल म्हणतात. म्हणजे ज्युरासिक चिखलातलं जीवाश्म कित्येकांच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याला रोज गंध लागतंय.

त्याच जातीचा, पण वयाने आणखी थोरला चिखल इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, चारमथ नावाच्या गावाशी उघडा पडलाय. आज हे सांगायचं कारण सरळ आहे. गोव्यातल्या किती घरांतली मुलं आज स्विंडनला, लंडनला, साउथहॉलला आहेत ते तुम्हाला माहीत आहे. आईबाप सहा महिने नातवंडं सांभाळायला जातात आणि मॉल बघून कंटाळतात. माझी थोरली लेक स्विंडनला. मी डिचोलीच्या बाजूला खाणीवर केमिस्ट होतो, त्यामुळे दगड दिसला की हात खाजतो. पहिल्या खेपेला चारमथहून दोन सुंदर, पितळेसारखे चमकणारे ॲमोनाइट आणले आणि घरी काचेच्या शोकेसमध्ये ठेवले. चवथीला माटोळी बांधायच्या गडबडीत शोकेस उघडलं तर एकाचे तीन तुकडे, दुसऱ्यावर पांढरट-पिवळी पूड, आणि खाली ठेवलेला कागद जळल्यासारखा तपकिरी. आयुष्यभर लोखंडाची रसायनं तपासणाऱ्या माणसाची ही गत.

म्हणून या लेखात शोधण्याइतकंच राखण्याबद्दलही लिहितोय. शोधणं त्या मानाने सोपं असतं.

आधी घरचा चिखल बघा

विमानात बसण्यापूर्वी एक सकाळ खाजनाच्या बांधावर घालवा. रायबंदरच्या बाजूला, चोडणला, दिवाडीला, कुठेही खारफुटी आणि सुकती असली की झालं. सुकतीला चिखलात हातभर काठी खुपसून बाहेर काढा. वरची दोन-चार बोटं तपकिरी, आणि त्याखाली एकदम काळं. वास कुजलेल्या अंड्याचा. नाक मुरडू नका, पुढचं सगळं या वासावर उभं आहे.

वरच्या थरात हवा पोचते, खाली पोचत नाही. तिथे असे जिवाणू राहतात जे समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. वास त्याचा. हा वायू चिखलातल्या लोखंडाला भेटला की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं, आणि काळ लोटला की त्याचं पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं पितळी चमकेचं खनिज, होतं. जिथे मेलेला प्राणी पुरला असेल तिथे जिवाणूंची चैन, म्हणून पायराइट नेमकं त्याच्याभोवती आणि त्याच्या पोकळ्यांत जास्त साचतं. चारमथचे सोनेरी ॲमोनाइट असेच घडले. शंख विरघळला, कप्प्यांत भरलेलं पायराइट राहिलं.

नातवंडं असतील तर हे बरणीत करून दाखवता येतं. काचेच्या बरणीत खाजनातला चिखल आणि खारं पाणी घ्या, एक न उघडलेली तिसरी (शिंपली) बरणीच्या काचेला चिकटून दिसेल अशी पुरा, झाकण सैल लावा आणि बरणी घराबाहेर, मागच्या पडवीत ठेवा. (घरात ठेवलीत तर बायकोची बोलणी खावी लागतील. मी खाल्लीत.) दोन-तीन आठवड्यांत शिंपल्याभोवतीचा चिखल बाकीच्यापेक्षा काळा पडलेला दिसतो. ज्युरासिक समुद्राच्या तळाशी हेच चाललं होतं, फक्त तिथे तिसऱ्यांच्या जागी ॲमोनाइट होते.

आता उलटी बाजूही बघून ठेवा. तोच काळा चिखल बांधावर उपसून उन्हात टाकला तर काही आठवड्यांत त्यावर पिवळट, तांबूस डाग येतात आणि तो आंबट होतो, कारण हवा आणि ओल मिळाली की लोखंड-गंधकाचं हे संयुग मोडतं आणि त्यातून गंधकाम्ल निघतं. हवा नसताना जे घडलं ते हवेत मोडतं. माझ्या शोकेसमध्ये तेच झालं होतं.

गोव्याच्या दगडांत मात्र ज्युरासिक शोधू नका. आपल्या पायाखालचे मूळ खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने, तेव्हा शंख-शिंपल्यांचा पत्ताही नव्हता. ईशान्येच्या घाटमाथ्यावरचा दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. चिऱ्यांचा जांभा तर त्याहून अलीकडचा. ज्युरासिक काळ म्हणजे साधारण २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी गोव्याला किनाराच नव्हता, कारण पश्चिमेला मादागास्कर चिकटलेलं होतं. समुद्र नाही म्हणून समुद्राचा चिखलही नाही.

चारमथचा खडक

भूवैज्ञानिक याला चारमथ मडस्टोन फॉर्मेशन म्हणतात. मडस्टोनला मराठी परिभाषेत पंकाश्म असा शब्द आहे, पण तो परीक्षेच्या पेपराबाहेर कुणी वापरल्याचं ऐकलं नाही. मडस्टोन म्हणजे दाबाने घट्ट झालेला चिखल: चिकणमाती आणि अगदी बारीक गाळ. तो पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर त्याला शेल म्हणतात. चिकणमाती जास्त की गाळ जास्त हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे कणभर दाताखाली धरायचा. कचकचला तर गाळ, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. किनाऱ्यावरचा दगड आधी धुऊन घ्या, एवढंच.

हा चिखल साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे उथळ, उबदार समुद्रात साचला. त्याच्या खाली ब्लू लायस नावाचा चुनखडक आणि शेलचा जुना थर आहे, तो लाइम रीजिस गावाजवळ चांगला दिसतो. चारमथ मडस्टोनमध्येही उपथर आहेत. सगळ्यात खालच्याचं नाव ‘शेल्स विथ बीफ’. यात गोमांसाचा काही संबंध नाही. त्यात कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे तंतुमय पट्टे आहेत, ते खाणकामगारांना मांसाच्या धाग्यांसारखे दिसले. त्याच्यावर ब्लॅक वेनचे (लाइम आणि चारमथच्या मधल्या कड्याचे) काळे थर, मग बेलेमनाइट नावाच्या जीवाश्मांनी भरलेले फिकट-गडद पट्टे, आणि वर हिरवट कॅल्साइट भरलेल्या ॲमोनाइटांचा थर.

या सगळ्याच्या डोक्यावर कितीतरी नंतरच्या क्रिटेशियस काळातला वाळूचा खडक बसलाय. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं, खालच्या मातीवर येऊन अडतं आणि कडा घसरतो. आपल्याकडे भरपावसात घाटात दरड येते त्याचंच हे थंड देशातलं रूप. मे २००८ मध्ये लाइम आणि चारमथच्या मधला जवळजवळ ४०० मीटर लांबीचा कडा असाच खाली आला. घसरलेला चिखल समुद्र धुतो आणि जीवाश्म किनाऱ्यावर मांडून ठेवतो. फुकट मिळणारा माल आणि जिवाचा धोका दोन्ही एकाच कड्यातून येतात.

इथे मेरी ॲनिंगचं नाव घ्यायलाच हवं. लाइम रीजिसच्या गरीब सुताराची ही मुलगी. १८११ मध्ये तिच्या भावाला एक मोठी कवटी सापडली आणि पुढल्या वर्षी, अवघ्या बारा-तेराव्या वर्षी, मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर होता, माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी. १८२३ मध्ये तिनेच पूर्ण प्लेसिओसॉर काढला. बाई म्हणून तिला लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत प्रवेश नव्हता. तिने शोधलेल्या हाडांवर निबंध वाचणारे पुरुष आत बसत. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला. तो प्रसंग मी तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कारण सूचनाफलकापेक्षा तो लवकर समजतो.

तारीख ठरवताना पंचांग काढा

हे मी गमतीने म्हणत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही तितकीच खोल जाते, किनारा जास्त उघडा पडतो. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा पाणी धड वरही नाही नि खालीही नाही. तिथी इंग्लंडातही तीच. त्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतली एक ओहोटी साधारण दुपारच्या सुमाराला येते, हे आपल्या सोयीचं. तरी नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा, पंचांग फक्त आठवडा निवडायला.

गोव्यात उधाणालाही पाण्याचा चढउतार दोन-सव्वादोन मीटरचा. चारमथला साडेतीन-चार मीटरच्या घरात जातो. मिरामारला पाणी येतं तेव्हा आपण चार पावलं मागे सरतो. तिथे मागे सरायला उभा कडा असतो. नियम एकच ठेवा: ओहोटीच्या दोन-तीन तास आधी उतरायचं, पाणी उतरत असताना शोधायचं आणि पाणी पालटलं की परत फिरायचं. अजून पिशवी रिकामी आहे म्हणून थांबायचं नाही. लाइमहून चारमथला किनाऱ्याने चालत जायची हौस पुष्कळांना येते. मध्ये भरती गाठली तर वर चढायला वाट नाही.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते एप्रिल. वादळ होऊन गेलं की नवा माल सुटतो. उन्हाळ्यात हवा छान, पण तुमच्या आधी शंभर शाळकरी पोरं तिथून गेलेली असतात. डिसेंबरात चार वाजता अंधारतं हे ध्यानात असू द्या.

स्विंडनहून गाडीने दोन-अडीच तास. रेल्वेने जायचं तर ॲक्समिन्स्टर स्टेशनला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी. जाताना एक गंमत सांगून ठेवतो: खुद्द स्विंडनही ज्युरासिक चिखलावर बसलंय. तो थर वेगळा, वयाने धाकटा, किमरिज क्ले. १८७४ मध्ये तिथल्या वीट-कौलांच्या कारखान्याच्या मातीच्या खाणीत पाठीवर काटे असलेल्या डायनासॉरचा सांगाडा निघाला. आज त्याला डासेंट्रूरस म्हणतात.

सोबत काय न्यावं

पाणी आत न येणारे, घोट्याला घट्ट धरणारे बूट. मोजे दोन जोड्या. गुडघ्यांखाली घालायला रबराचा तुकडा, नाहीतर जुनी योगा मॅट कापून घ्या. छोट्या वस्तूंसाठी झाकणाच्या डब्या, टिश्यू पेपर, पेन्सिल, वही. हातमोजे घ्याच, कारण लाइमच्या बाजूला गावाचा जुना कचरा डेपोही कड्याबरोबर घसरला आहे आणि त्यातल्या काचा नि गंजकं लोखंड किनाऱ्यावर येतं.

हातोडा पहिल्या खेपेला घेऊ नका. चांगले छोटे ॲमोनाइट ठोकून मिळत नाहीत, बघून मिळतात. कडक गोटे फोडायचेच असतील तर भूवैज्ञानिक हातोडा आणि डोळ्यांना गॉगल हवाच. सुताराचा हातोडा नको, त्याच्या पोलादाची कपची उडते. आणि गोटा आत काय आहे ते कळल्याशिवाय फोडून तुम्ही नव्वद टक्के वेळा वस्तूच फोडता. शाळिग्राम फोडून बघायची इच्छा कुणाला होते का?

किनाऱ्यावर

आधी समुद्राजवळ, लहरींच्या जवळच्या पट्ट्यात जा. कड्याकडे नाही. नवखे सगळे कड्याखाली जाऊन माती उकरतात. तिथे डोक्यावर दगड पडतो, पायाखाली घसरलेला ओला चिखल असतो आणि तो वरून सुकलेला दिसला तरी मांडीपर्यंत गिळतो. खाजनाच्या कोपऱ्यात ज्याचा पाय रुतलाय त्याला अधिक सांगायला नको. अडकलंच कुणी तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, ओढाओढ करायची नाही.

आता दगड कसे बघायचे ते. आपल्या किनाऱ्यांवर पावसाळ्यानंतर वाळूत काळे पट्टे दिसतात. लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड खनिजं मागे राहतात. सुपात पाखडल्यावर खडे एका कडेला जमतात तसंच. चारमथलाही समुद्र पाखडतो. पायराइट सामान्य दगडाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, म्हणून सोनेरी ॲमोनाइट एकटे विखुरलेले सहसा नसतात, तर बारीक, काळपट, जड खड्यांच्या पट्ट्यांत अडकलेले असतात. असा पट्टा मिळाला की उभ्याने बघणं बंद. गुडघे टेका, हातभर जागा ठरवा आणि तीच दहा मिनिटं बघा. तांदूळ निवडणारी बाई ताटभर फिरत नाही, समोरची मूठ निवडते. माझ्या बायकोने पहिल्या अर्ध्या तासात चार काढले, मी एकही नाही. मी फिरत होतो.

डोळा कशावर ठेवायचा? नियमितपणावर. निसर्गात सरळ रेघ आणि बरोबर अंतरावरच्या खाचा कमी असतात. प्रोमायक्रोसेरास हा इथला नेहमीचा ॲमोनाइट: रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान, कडेवर ठळक बरगड्या, रंग पितळी किंवा गंजका तपकिरी. अर्धा सापडला तरी बरगड्यांवरून ओळखतो. बेलेमनाइट म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखा किंवा टोक केलेल्या पेन्सिलीसारखा गुळगुळीत दगड. तो माकुलासारख्या प्राण्याच्या अंगातला कडक भाग आणि तुटलेल्या तोंडावर मध्यापासून निघणाऱ्या रेघा दिसतात. पाच टोकांची, रांगोळीच्या ठिपक्याएवढी चांदणी दिसली तर ती पेंटाक्रिनाइट्स या समुद्री प्राण्याच्या देठाची चकती. हे प्राणी वाहत्या लाकडाला लोंबकळून राहत. इक्थिओसॉरचा मणका कॅरमच्या स्ट्रायकरसारखा गोल, पण दोन्ही अंगांनी मध्ये खोलगट, काळा आणि हाताला जड.

फसवणारंही पुष्कळ असतं. पायराइटचे नुसते गोळे, ‘बीफ’चे तुकडे, आणि अजून एक. ज्युरासिक प्राण्यांची घट्ट झालेली विष्ठा खरोखरच सापडते आणि तिचा अभ्यासही होतो, पण नवख्याला प्रत्येक लांबट गोळा तसाच वाटतो. तळहातावर घेऊन वजन बघा, ओला करून बघा, भिंग लावा. तरीही संशय राहिला तर किनाऱ्यालाच जुन्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटर आहे. तिथल्या माणसांना दाखवा. वेळ असेल तर त्यांच्या मार्गदर्शनाखालच्या फेरीला आधी जा, एका दिवसाचं काम दोन तासांत शिकता.

शेलच्या पापुद्र्यात सापडणारे ॲमोनाइट पापडासारखे चपटे असतात. चिखल दाबला गेला, त्यातलं पाणी निघून गेलं आणि शंखही चेपला. गोट्यात सापडतात ते मात्र टपोरे, कारण चिखल दाबला जाण्याआधीच त्यांच्याभोवती चुन्याचा कडक गोळा धरला. शाळिग्रामाचं चक्र इतकं ठसठशीत असतं त्याचंही कारण हेच. चपटा ॲमोनाइट दिसला तर फोटो काढा आणि तिथेच सोडा. सुकला की त्याचा भुगा होतो.

काय घ्यायचं, काय सोडायचं

लाइम ते बर्टन ब्रॅडस्टॉक या पट्ट्यासाठी जीवाश्म-संकलनाची एक संहिता आहे. मोकळं पडलेलं घ्यायला हरकत नाही. कड्यातून खणून काढणं परवानगीशिवाय चालत नाही. आणि काही महत्त्वाचं सापडलं, म्हणजे हाडं जोडलेली, कवटी, कधी न पाहिलेलं काही, तर ते हेरिटेज सेंटरमध्ये नोंदवायचं. मला ही पद्धत आवडते. समुद्र कड्याला खातोच आहे. कुणी उचललं नाही तर ती वस्तू आठवड्याभरात वाळू होईल. म्हणून तिथे सरसकट बंदी नाही, शिस्त आहे. १८५८ मध्ये इथे स्केलिडोसॉरस या चिलखती डायनासॉरचा सांगाडा निघाला आणि नंतरही त्याचे अवशेष संग्राहकांनाच सापडत गेले.

भारतात मात्र हा न्याय लावू नका. ज्यांना इंग्लंड नको त्यांनी कच्छला जावं. तिथले ज्युरासिक थर जगातल्या उत्तमांपैकी आहेत आणि २०१७ मध्ये लोडाईजवळच्या खडकातून इक्थिओसॉरचा सांगाडा प्रसिद्ध झाला. तिथे कड्याला समुद्र खात नाही, खडक जागेवर शेकडो वर्षं राहतात, आणि तुम्ही उचललेला प्रत्येक ॲमोनाइट पुढच्या अभ्यासकाचा पुरावा घेऊन जातो. तिथे कॅमेरा आणि भिंग पुरे.

उचलण्याआधी जागेवरचा फोटो, मग वहीत ओळ: तारीख, किनाऱ्याची बाजू (नदीच्या मुखापासून पूर्व की पश्चिम), ओहोटीच्या रेषेजवळ की कड्याजवळ, मोकळा की गोट्यात. वस्तूला क्रमांक. हे नसेल तर घरी आल्यावर तुमच्याकडे फक्त सुंदर खडा उरतो. खाणीवर आम्ही नमुन्याची चिठ्ठी हरवली की नमुना फेकून देत असू, तो कितीही चांगला असला तरी.

मुलाच्या घरी, पहिल्या दोन दिवसांत

समुद्राचं मीठ आधी काढा. गोड्या पाण्यात ठेवून दिवसभरात तीन-चार वेळा पाणी बदला. जास्त दिवस भिजत घालू नका. पायराइटला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की खेळ सुरू होतो. मऊ टूथब्रश चालेल. चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर काहीही लावायचं नाही. समई उजळते म्हणून ॲमोनाइटही उजळेल असं वाटतं, पण आंबट पदार्थ कॅल्साइट खातो आणि पायराइटच्या भेगांत आम्ल सोडून जातो.

मग सुकवणं. पायराइटच्या तुकड्यांना टिश्यूवर टिपून घ्या आणि तासभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा. ते आतलं पाणी ओढून घेतं. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ हे काम करू नका. नंतर हीटरपासून लांब, कोरड्या खोलीत एक-दोन दिवस. ओव्हन, हेअर ड्रायर नको, तडा जातो.

वार्निश? बरेच जण लावतात, वस्तू चकाकतेही. माझं मत विरुद्ध आहे. लेपातून दमट हवा हळूहळू जातेच आणि आत पूड धरली तरी बाहेरून कळत नाही. लेपावर पैसे घालवण्यापेक्षा डब्यावर घाला.

घरी, पावसाच्या आत

आपल्या आज्या मे महिन्यात पुरुमेंत करायच्या: सुकी मासळी, आमसुलं, पापड, मिरच्या, सगळं उन्हं देऊन, घट्ट डब्यात, पाऊस लागायच्या आत. जीवाश्मांचं पुरुमेंत तसंच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता कित्येकदा ८५-९० टक्क्यांवर असते. पायराइट ६० टक्क्यांच्या वर झपाट्याने बिघडतं आणि ३० टक्क्यांच्या खाली जवळजवळ शांत बसतं. लंडनच्या हीटर लावलेल्या घरात वर्षानुवर्षं टिकलेला ॲमोनाइट मडगावात एका पावसात जातो तो यामुळे.

चारही बाजूंनी क्लिप असलेला, झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला सिलिका जेल, पिशव्यांतून नव्हे तर किलोने मिळतं ते. त्यात रंग बदलणारे दाणे मिसळलेले असावेत, म्हणजे ओल धरली की दिसतं. वर जाळी किंवा फोम, त्यावर वस्तू, आणि कोपऱ्यात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. जेलचा रंग पालटला की ते मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. तांदूळ घालून काही होत नाही. फोटोग्राफीची हौस असलेल्यांच्या घरी लेन्ससाठी कोरडं कपाट असतं. त्यात एक खण मागून घेतलात तर सर्वांत बरं.

शिसवी किंवा सागवानी कपाट दिसायला छान, पण बंद लाकडी कपाटात लाकूड स्वतःच आम्लाच्या वाफा सोडतं. त्या शिंपल्यांना आणि कॅल्साइटलाही बाधतात. चिठ्ठी कागदाची न ठेवता प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा. माझ्या शोकेसमधल्या कागदाचं काय झालं ते वर सांगितलंच.

आजार ओळखायची खूण: भेगेत पांढरी-पिवळी पूड, गंधकाचा हलका वास, पृष्ठभाग निस्तेज होणं. असा तुकडा ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात. पूड कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग नवं, कोरडं जेल. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं थांबतं. ही प्रक्रिया उष्णता सोडते, हेही जाणून असा. १९०८ मध्ये ब्लॅक वेनची दरड कोसळल्यावर उघड्या पडलेल्या शेलमधलं पायराइट असं तापलं की कडा धुमसत राहिला आणि लोक ‘लाइमचा ज्वालामुखी’ बघायला येऊ लागले. तुमच्या डब्यात आग लागणार नाही, पण रसायन तेच.

एवढा व्याप नको असेल तर पायराइट आणूच नका. बेलेमनाइट आणा, गोट्यातला कॅल्साइटचा ॲमोनाइट आणा, मणका मिळाला तर नशीबच. ही मंडळी आपल्या हवेत सुखाने राहतात. प्रवासात हातातल्या पिशवीत, टिश्यूत गुंडाळून, झाकणाच्या डब्यांत; हातोडा मात्र सामानात. वहीची पानं सोबत.

माझ्याकडे आता चार डबे आहेत. मृगाच्या आधी एकदा जेल तापवतो, आषाढात एकदा रंग बघतो, आणि चवथीच्या आठवड्यात पुन्हा. मागच्या वर्षी आषाढात तिसऱ्या डब्याचे दाणे फिके पडले होते. झाकणाच्या रबरात कुणीतरी शेंगदाण्याचं टरफल अडकवलं होतं. नातू सुट्टीला आला होता.